अकरा मिनिटांचे वाक्य

समोरच्या खोलीतून व्याकरणाची पुस्तके मागच्या खोलीत गेली आणि त्यांच्या जागी केस धुवायचे बेसिन, मोठा आरसा आणि खालीवर होणारी खुर्ची आली, त्याला तीन आठवडे झाले होते. दार होते, गिऱ्हाइकांना बसायला बाक होता, पण दारावर पाटी नव्हती. पाटी तयार होती. गुलाबी अक्षरांत ‘ग्लॅमर’ असे लिहिलेली ती पाटी पहिल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखी. आणि शिक्षा खरोखरच झालेली होती.

शिक्षा करणारे म्हणजे घरचे सासरे. अडतीस वर्षे शाळेत इंग्रजीचे व्याकरण शिकवून ते निवृत्त झाले होते आणि बायको सोडली तर घरीदारी सगळे त्यांना सरच म्हणत. सूनही सरच म्हणे, कारण लग्नाआधी तीन वर्षे ती त्यांच्या वर्गात बसलेली होती आणि लग्न झाले म्हणून ती सवय काही सुटली नाही. तिच्या पार्लरसाठी खोली द्यायला सरांनी हूं की चूं केले नव्हते. पुस्तकेसुद्धा त्यांनी स्वतः उचलून नेली. फक्त पाटी ठोकायच्या वेळी हातोडी हातात धरून विचारले, “या शब्दाचा अर्थ काय?”

“म्हणजे छान दिसणं, सर.”

“त्याला ‘सुंदर’ हा शब्द आहे.”

“नुसतं छान नाही. बघणाऱ्याची नजरच हलू नये, असं काहीतरी.”

“आणि हा आला कुठून?”

सुनेने सहा महिन्यांचा कोर्स केला होता, पण त्यात हे नव्हते. सरांनी हातोडी खाली ठेवली. भाडेकरू ठेवतानासुद्धा आपण चार ठिकाणी चौकशी करतो, ते म्हणाले. हा तर दारावर कायमचा राहायला येणार. मी शोधतो, मग बघू.

चौकशी तीन आठवडे चालली. सर रोज सकाळी वाचनालयात जात, एकावर एक दोन चष्मे लावून जाड शब्दकोशांत डोके घालत आणि संध्याकाळी काही न बोलता परत येत. इकडे पाटी नसलेल्या दारातून तीन आठवड्यांत दोनच बायका आत आल्या. एकीने भुवया कोरून घेतल्या, दुसरी शिकवणीची चौकशी करायला आली होती. या महिन्यात काही जमले नाही तर खुर्ची जिथून आणली तिथे परत द्यायची आणि पुस्तके पुन्हा पुढे आणायची, असे सुनेने मनाशी ठरवले होते. कुणाला बोलून दाखवले नव्हते एवढेच.

तिसरे गिऱ्हाईक आले ते शुक्रवारी दुपारी दीड वाजता, आणि धावतच आले.

“चार वाजता मुलाखत आहे,” खुर्चीत बसता बसता ती बाई म्हणाली. “आणि हे डोकं बघ.”

सुनेने पाहिले. बाईंनी चार दिवसांपूर्वी घरीच केसांना रंग लावला होता. पाकिटावर ‘नैसर्गिक काळा’ लिहिले होते, पण निसर्गात इतके काळे काही नसते. केस केसांसारखे दिसण्याऐवजी हेल्मेट घातल्यासारखे दिसत होते. कपाळावर कापलेल्या आखूड बटासुद्धा हेल्मेटच्या कडेसारख्या ताठ होत्या.

बाई म्हणजे सुनेपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पण त्याच शाळेतली, सरांचीच विद्यार्थिनी. सरांना मुलांची नावे कधी लक्षात राहिली नाहीत; बाक राहिले. ही तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची आणि तासभर आभाळाकडे बघायची, म्हणून तिला ते ‘खिडकीवाली’ म्हणत, आणि पुढे सगळी शाळा म्हणू लागली. आता मुले मोठी झाली होती, चौदा वर्षे घरात गेली होती, आणि तारांगणात निवेदिकेची जागा निघाली होती. अंधारात घुमटाखाली बसलेल्या लोकांना तारे दाखवायचे आणि त्यांच्याविषयी बोलायचे. एवढे एकच काम आपल्याला खरोखर येईल, असे तिला वाटत होते.

“अंधारात बोलायचं ना? मग केस कोण बघणार?” सुनेने विचारले.

“मुलाखत उजेडात आहे. याआधी तीन झाल्या माझ्या. तिन्ही ठिकाणी दोन मिनिटांत ‘कळवतो’ म्हणाले. मी तोंड उघडायच्या आतच त्यांचं माझ्याकडे बघून झालेलं असतं.” ती आरशातून बोलत होती. “यानंतर मी कुठे अर्ज करणार नाहीये.”

सुनेने घड्याळ पाहिले. तीन-वीसची बस पकडायची म्हणजे जेमतेम पावणेदोन तास हातात होते. तेवढ्यात काळा उतरवून मऊ तपकिरी रंग चढवता येण्यासारखा होता, पण घाई करून नाही. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवले होते की अनोळखी केसावर आधी चाचणी घ्यावी. तिने डावीकडची, कपाळावरची एकच बट वेगळी केली, रंग उतरवायची पूड आणि द्रव वाटीत मोजून कालवले, ब्रशने बटेला लावले आणि बट चांदीच्या कागदात गुंडाळली. वीस मिनिटे. त्याहून जास्त ठेवायचे नाही, कारण हे औषध थांबत नाही. काळ्याचे लाल करते, लालचे नारिंगी, नारिंगीचे पिवळे, आणि केसात रंग म्हणून काही शिल्लक असेपर्यंत ते आपले काम करत राहते. वीस मिनिटांनी वाजणारे बॅटरीचे घड्याळ तिने फळीवर ठेवले.

“पार्लरचं नाव काय ठेवलंस?” पंधराएक मिनिटे झाल्यावर खिडकीवालीने सहज विचारले.

सुनेने भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाटीकडे बोट दाखवले आणि सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात दारात सर उभे राहिले. वाचनालयातून थेट आले होते, दोन्ही चष्मे अजून नाकावर होते आणि चेहरा असा होता की सुनेला वाटले, वाटेत कुणी पडलेबिडले की काय.

“सापडला,” सर म्हणाले.

खिडकीवाली डोक्याच्या चांदीच्या कागदासकट उभी राहिली. “बस, खिडकीवाली,” सर म्हणाले, आणि ती बसली. सूनही स्टुलावर बसली. सर आरशासमोर, फळा असायला हवा तिथे उभे राहिले.

आता सरांच्या वर्गाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. तास संपल्याची घंटा सरांच्या लेखी तास संपल्याची नव्हती. ती फक्त सूचना होती. तास संपे तो सरांचे वाक्य संपल्यावर. वाक्य अर्धवट असताना जो उठेल त्याने ते वाक्य फळ्यावर जाऊन स्वतः पुरे करायचे. शाळेतली दांडगी दांडगी मुले या एका गोष्टीला टरकून असत, कारण सरांची वाक्ये साधी नसत. त्यांत एक गोष्ट सुरू होई, तिच्या पोटातून दुसरी निघे, दुसरीच्या काखेतून तिसरी, आणि क्रियापद शेवटी ठेवायची मराठीची जी मुभा आहे तिचा सर पुरेपूर फायदा घेत. घंटा वाजली की वर्ग आपोआप ताठ होई, हात गुडघ्यांवर येत आणि सगळे क्रियापदाची वाट पाहत बसत.

“ज्या शब्दाला आपण वरवरचा झगमगाट समजतो,” सरांनी सुरुवात केली, “तो ज्या शब्दातून निघाला, तो शब्द अशा काळातला, की ज्या काळी लिहिता-वाचता येणारा माणूस पंचक्रोशीत एखादाच असे, आणि कातड्यावर ओढलेल्या चार रेघांकडे बघून हा माणूस शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवतो तरी कसं, हे भोवतीच्या माणसांना कळत नसे…”

फळीवरचे घड्याळ वाजू लागले ते इथे.

सुनेला ते ऐकू आले. खिडकीवालीलाही आले. दोघींचे हात गुडघ्यांवर गेले, पाठी ताठ झाल्या, आणि दोघी जागच्या जागी बसून राहिल्या. बट, औषध, वीस मिनिटे हे सगळे सुनेच्या डोक्याच्या एका कोपऱ्यात अगदी स्पष्ट होते. फक्त तो कोपरा आणि पाय यांच्यामध्ये इयत्ता आठवी उभी होती. सरांनी बोलणे न तोडता हात लांब केला आणि वर्गात तळवा दाखवून गलका थांबवावा तसे घड्याळाचे बटण दाबले.

आणि वाक्य पुढे गेले. ते ग्रीसला गेले, जिथे दगडावर ओरखडून काढलेल्या अक्षराला एक नाव होते, आणि त्या नावावरून अक्षरांच्या विद्येचे नाव पडले. तिथून फ्रान्सला गेले, जिथे अक्षरांची विद्या म्हणजेच सगळी विद्या झाली होती, कारण ज्याला जुन्या भाषेतले ग्रंथ वाचता येत त्यालाच औषधे कळत, ग्रहणे आधी सांगता येत आणि आभाळ वाचता येई. आणि मग लोकांना संशय येऊ लागला की ज्याला आभाळ वाचता येते त्याला आणखीही काही येत असणार. विद्येचे नाव हळूहळू मंत्रतंत्राचे नाव झाले. मग वाक्य समुद्र ओलांडून स्कॉटलंडला गेले. तिथल्या लोकांच्या तोंडात त्या नावाचे एक अक्षर पालटले आणि त्याला नेमका अर्थ आला: डोळ्यांवर टाकलेला मंत्र. ज्याच्यावर तो टाकला त्याला नसलेले दिसायचे आणि असलेले दिसायचे नाही.

खोलीत कुणी पापणी हलवत नव्हते. खिडकीवालीने शाळेत तास तास आभाळ पाहिले होते, पण आभाळ वाचणे म्हणजे काय ते तिला आज कुणीतरी पहिल्यांदा सांगत होते. सुनेला वाटले, आपण अंधाऱ्या विहिरीत खडा टाकला आहे आणि तो अजून खालीच चालला आहे. इतका वेळ की विहीर किती खोल आहे याची आता भीती वाटावी. एक शब्द, रोजच्या बोलण्यातला, साबणाच्या वेष्टणावर छापतात तो, आणि त्याच्या खाली हे सगळे होते.

“…आणि पुढे त्यातला मंत्र विटून गेला, भीती विटून गेली आणि नुसती चकाकी उरली,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हलला, “त्या शब्दाचा मूळ पुरुष, सूनबाई, ज्याला वर्गात सगळ्यात जास्त जांभया येतात तो विषय, म्हणजे व्याकरण, इंग्रजीतलं ग्रामर आहे.”

वाक्य संपले. कुणी उठले नाही.

“कसला वास येतोय?” दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्या दाताच्या डॉक्टरकडून आल्या होत्या. सासूबाई सरांच्या विद्यार्थिनी कधीच नव्हत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी सरांचे एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकले नव्हते. क्रियापद येण्याच्या कितीतरी आधी त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत. त्यामुळे खोलीत शुद्धीवर असलेल्या त्या एकट्याच होत्या.

सुनेने उडी मारून कागद उलगडला. वीसऐवजी एकतीस मिनिटे झाली होती. काळ्याभोर हेल्मेटच्या समोर, कपाळावर डावीकडे, कोंबडीच्या पिल्लाच्या रंगाची एक बट होती.

दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. बाकी डोक्याला हात लावायला आता वेळ नव्हता, आणि धीरही नव्हता. निदान ही बट काळ्यात मिसळून जावी म्हणून सुनेने हाताला आली ती गडद तपकिरीची नळी पिळली. कोर्समध्ये सातव्या दिवशी शिकवले होते की राखेरी छटेच्या तपकिरीत निळा रंग असतो. तिला ते आठवले, पण नळी पिळून झाल्यावर आणि पंधरा मिनिटे उलटल्यावर. बट धुतली तेव्हा ती हिरवी झाली होती. पोपटी नाही, शेवाळीही नाही. औषधाच्या काचेच्या बाटलीच्या बुडाला जो हिरवा दिसतो, तो.

“निळा आणि पिवळा,” सासूबाई म्हणाल्या. “पहिलीतलं पोर सांगेल.”

हिरव्यावर उतारा लाल. पण लाल नळी संपली होती. ती कुठे संपली हे सासूबाईंच्या डोक्याकडे पाहून कुणालाही कळले असते. कोर्स चालू असताना सुनेने सराव त्यांच्यावरच केला होता. मग बट पिनांनी मागे बसवली. चार पिना लावल्या, आणि खिडकीवाली दारापर्यंत जाईतो आखूड बट चारही पिना झटकून पुन्हा कपाळावर आली. ओढणी बांधून पाहिली, तर दातदुखी सासूबाईंची नसून हिची आहे असे वाटू लागले. सासूबाईंनी कात्री आणली, पण ती आखूड बट आणखी कापली तर कपाळावर हिरवा खराटा उभा राहिला असता. सरांनी मागच्या खोलीतून काळ्या शाईची दौत आणली. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही, तेव्हा त्यांनी ती परत नेऊन ठेवली.

तीन-पंधराला खिडकीवाली पर्स उचलून उभी राहिली. ती रडली नाही, रागावलीही नाही. त्यामुळे सुनेला जास्तच मेल्यासारखे झाले. दारात थांबून तिने एवढेच विचारले, “सर, तो डोळ्यांवरचा मंत्र. आपल्याकडे त्याला काय म्हणायचं?”

“नजरबंदी,” सर म्हणाले.

ती निघून गेली. सुनेने वाटी धुतली, ब्रश धुतला, खुर्ची पुसली आणि पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली. मग पाटी उचलून पलंगाखाली सरकवायला निघाली, तेव्हा सरांनी तिचा रस्ता अडवला.

“चूक माझी,” ते म्हणाले. “घंटा मी दाबली. यापुढे लहान वाक्यं बोलेन.”

ते त्यांना किती जड जात होते ते दिसत होते. दोन-तीन शब्द झाले की दम लागल्यासारखे थांबत होते.

“राहू द्या, सर. मी खुर्ची परत देऊन टाकते.”

सर बाकावर बसले. “अडतीस वर्षं,” ते म्हणाले आणि थांबले. मग नेम मोडून बोलू लागले. “अडतीस वर्षं मला वाटायचं, आपण पोरांना गवत खायला घालतोय. कोरडं, पण उपयोगी. पोरं जांभया द्यायची, मला राग यायचा नाही. मला वाटायचं, विषयच तसा आहे. आणि आज दुपारी त्या वाचनालयात कळलं की एके काळी याच विषयाच्या नावाने लोकांचे डोळे फिरायचे. मी घरी सांगत आलो नसतो तर तिथेच कुणाला तरी धरून सांगितलं असतं. त्या मुलीची वेळ होती, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही.”

सुनेने पाटी पलंगाखाली सरकवली नाही. परत भिंतीशी उभी केली.

साडेचार वाजले, पाच वाजले. सासूबाईंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा कुणी तो प्यायला नाही. दोन मिनिटांत ‘कळवतो’ म्हणाले असते तर ती एव्हाना घरी पोचली असती, असा हिशोब सुनेने मांडला. मग ती कुठे गेली असेल, हा हिशोब तिला मांडवेना.

सव्वासहाला खिडकीवाली आत आली आणि त्याच खुर्चीत येऊन बसली. बट कपाळावर होती तशीच होती, दिव्याखाली जरा जास्तच हिरवी. तिने सगळे क्रमाने सांगितले. तिघे बसले होते: तारांगणाचे संचालक, एक खगोलशास्त्राचे प्राध्यापक आणि एक वरिष्ठ बाई. प्रत्येक उमेदवाराने कुठल्याही विषयावर पाच मिनिटे बोलायचे, पाच मिनिटे झाली की बाहेर बसलेला कारकून घंटा वाजवणार. ही आत गेली तेव्हा तिघांच्याही माना कागदांत होत्या. वर न बघताच ते “बोला” म्हणाले. हिने शनीच्या कड्यांवर तयारी केली होती, पण तोंड उघडले आणि भलतेच बाहेर पडले.

“काय?” सुनेने विचारले.

“‘ज्या शब्दाला आपण वरवरचा झगमगाट समजतो,’” खिडकीवाली म्हणाली.

सरांनी दोन्ही चष्मे काढले.

तिने सरांचे वाक्य जसेच्या तसे म्हटले नव्हते, ते कुणालाच जमले नसते. पण वाट तीच धरली होती. ओरखडलेले अक्षर, त्याची विद्या, विद्येचा मंत्र. मधेच तिला वाटले होते की माणसाने वाचलेले पहिले पान कातड्याचे नव्हतेच, आभाळाचे होते, आणि ते तिने सांगून टाकले. आणि गारुडाचेही सांगितले: साप चावल्यावर विष उतरवायची एक विद्या होती, तिला गारुड म्हणत, आणि आपण तो शब्द आज मन वेडे करणाऱ्या आवाजासाठी वापरतो, म्हणजे दोन भाषा, एकमेकींपासून हजारो कोसांवर, एकमेकींना न विचारता एकाच रस्त्याने चालत गेल्या.

“गारुड,” सर पुटपुटले. “ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

मग घंटा वाजली होती. ही थांबली. तिघांपैकी कुणी हलले नाही. संचालक म्हणाले, “पुढे?” कारकुनाने दोनदा दार उघडून आत डोकावले, दोन्ही वेळा त्याच्याकडे कुणी मान वळवली नाही. शेवटी हिचे बोलणे संपले तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे सोळा मिनिटे झाली होती.

“पाचावर अकरा,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि केसांचं?” सुनेला राहवेना. “केसांचं कुणी काही बोललं?”

“नाही ना. म्हणून शेवटी मीच म्हटलं, केस जरा असे झालेत, माफ करा.” खिडकीवालीने आरशात बटेकडे पाहिले. “तिघांनी माझ्याकडे नीट बघितलं. एकेकानं बघितलं. आणि संचालक म्हणाले, ‘असे म्हणजे कसे?’”

बट सगळ्यांच्या समोर होती. ती हिरवी होती, हिरवीच होती, दिव्याच्या उजेडात हातभर अंतरावरून हिरवी दिसत होती. आणि तीन शिकलेली माणसे, ज्यांतले एक आयुष्यभर दुर्बिणीतून बघत आले होते, तिच्याकडे पाहून ‘कसे’ म्हणाली होती. सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. सर म्हणाले, “अजून उतरली नव्हती,” आणि काय उतरले नव्हते ते कुणी विचारले नाही.

“आणि नोकरी?”

“सोमवारपासून या म्हणाले.” मग तिचा चेहरा जरा पडला. “एकच घोळ झालाय.”

घोळ कारकुनाचा होता. तो मुलाखतभर बाहेर होता, सोळा मिनिटांतले एकही वाक्य त्याच्या कानावर पडले नव्हते. हिने खोलीबाहेर आल्यावर त्याच्यासमोर बसून नेमणुकीचा फॉर्म भरला, तेव्हा ‘शरीरावरील ओळखखूण’ हा रकाना तिला कळेना, म्हणून त्याने तिच्याकडे बघून आपल्या हाताने लिहिला: ‘कपाळावर डाव्या बाजूस हिरवी बट.’ खाली शिक्का मारला, आणि ओळखपत्र त्यावरूनच छापायला गेले. खाडाखोड चालणार नव्हती. दुरुस्तीला मुख्य कार्यालयाकडे अर्ज, त्याला निदान वर्ष. तोवर दर महिन्याला फाटकावर खूण पडताळून घ्यायची. नाहीतर आत सोडायचे नाही.

अशा रीतीने सुनेला पहिले कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः हातोडी घेऊन पाटी ठोकली. ठोकून झाल्यावर समोरच्या फुटपाथवर जाऊन तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. जाणारे येणारेही थांबून बघू लागले, आणि त्यातल्या दोन-तीन बायका आत आल्या.

महिन्याने खिडकीवाली बट ताजी करायला आली तेव्हा बाकावर चौघी जणी बसल्या होत्या, सरांचे तोंडही न पाहिलेल्या. घड्याळ सरळ एकतीसवर लावता आले असते. सुनेने तसे सुचवलेही. पण खिडकीवालीने साफ नकार दिला. तीच छटा हवी तर सगळे तसेच्या तसे झाले पाहिजे, तारांगणात प्राध्यापकसुद्धा हेच सांगतात, म्हणाली. तेव्हा बटेला औषध लागले, चांदीचा कागद गुंडाळला गेला, घड्याळ वीसवर लागले आणि ते वाजायच्या जरा आधी सरांना मागच्या खोलीतून बोलावणे गेले.

सर आरशासमोर उभे राहिले. गारुडामुळे वाक्य आता थोडे वाढले होते. ते ग्रीसला पोचते न पोचते तोच घड्याळ वाजले, सरांनी न थांबता हात लांब करून ते बंद केले, आणि बाकावरच्या चौघींचे हात, कुणी शिकवले नसताना, आपोआप गुडघ्यांवर आले. वाक्य फ्रान्सला गेले. वाक्याने समुद्र ओलांडला. त्याच सुमारास स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास येऊ लागला, आणि चांगला खोलीभर पसरला.

कसला वास येतोय, असे कुणीच विचारले नाही. ते विचारणारे माणूस बाकाच्या टोकाला, हात गुडघ्यांवर ठेवून, क्रियापदाची वाट बघत बसले होते.